लाडके व्यंगपात्र, अनेक हात: पुण्यात समूहप्रदर्शन भरवू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

लहानपणापासून ओळखीचे असलेले एखादे व्यंगपात्र घ्यावे, ते वीस-पंचवीस चित्रकारांच्या हाती सोपवावे आणि प्रत्येकाने ते आपल्या माध्यमात व आपल्या नजरेने पुन्हा घडवावे, ही कल्पना ऐकताक्षणी सर्वांना आवडते. कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी, रविवारी सकाळी पेठांमध्ये रेखाटनासाठी जमणारे गट, मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग चालवणारे शिक्षक अशा अनेकांनी मला याविषयी विचारले आहे, म्हणून हा लेख लिहिला आहे. अशा दोन प्रदर्शनांच्या संयोजनात मी काम केले. पहिल्यात ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेक आम्ही चित्रे भिंतीवर लावताना केल्या नव्हत्या. त्या चार महिने आधी, पहिल्या बैठकीतच झाल्या होत्या. पात्र कोणाच्या मालकीचे आहे आणि त्यातले काय बदलायचे नाही, हे दोन प्रश्न तेव्हा आम्ही एकमेकांना विचारलेच नाहीत. त्यामुळे पुढच्या मजकुरात या दोन प्रश्नांना इतर सर्व बाबींपेक्षा अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: पात्राची निवड

पात्र निवडताना स्वतःच्या आवडीपेक्षा येणाऱ्या प्रेक्षकाची ओळख अधिक महत्त्वाची असते. मूळ पात्र ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याचे नवे रूप पाहून काहीच वाटणार नाही, कारण बदल कळण्यासाठी आधीचे रूप मनात असावे लागते. पुण्याला या बाबतीत मोठी श्रीमंती लाभली आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून याच शहरात वाचकांच्या भेटीला आला आणि मिनी, पप्पू, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी मराठी घरांतली झाली. आर. के. लक्ष्मण यांनी आयुष्याची अखेरची वर्षे पुण्यात घालवली. त्यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा सिंबायोसिसच्या सेनापती बापट रस्त्यावरील आवारात उभा आहे आणि बालेवाडीत २०२२ पासून लक्ष्मण यांच्या चित्रांचे संग्रहालयही आहे. आजच्या शाळकरी मुलांना विचाराल तर ती बहुधा ‘डोरेमॉन’चे नाव घेतील, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

डोरेमॉनचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोतील मोरी आर्ट्स सेंटर गॅलरीत केवळ या पात्रावर आधारलेले एक मोठे समूहप्रदर्शन सुरू झाले. ताकाशी मुराकामी यांच्यासारख्या जगभर नाव असलेल्या चित्रकारासह २८ कलाकार आणि कलाकार-गट त्यात सहभागी झाले होते, आणि चित्रांच्या जोडीला छायाचित्रे व शिल्पेही होती. कलाकारांपुढे ठेवलेले आवाहन जवळजवळ एका वाक्याचे होते: तुमचा डोरेमॉन घडवा. हे वाक्य लहान असले तरी त्यामागची निवड विचारपूर्वक होती, कारण डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस जपानी मासिकांत अवतरला आणि या प्रदर्शनातील बहुतेक कलाकार त्याच्याच सोबतीने वाढले होते. आपल्याकडेही हीच कसोटी लावावी. तुमच्या गटातील किमान अर्ध्या चित्रकारांकडे त्या पात्राविषयी सांगण्यासारखी स्वतःची एखादी आठवण नसेल, तर ते पात्र कितीही लोकप्रिय असले तरी सोडून द्यावे.

दुसरी कसोटी कागदावर करण्याची आहे. निवडलेले पात्र दहा-बारा जणांना, मूळ चित्र न दाखवता, आठवणीतून दोन मिनिटांत काढायला सांगा. त्यांत चित्रकार नसलेली माणसेही असू द्या. घरातली आजी, शेजारचा मुलगा, चहाच्या टपरीवरचा ओळखीचा माणूस, कोणीही चालेल. मग ती सर्व रेखाटने टेबलावर शेजारी शेजारी मांडा. प्रत्येकाच्या चित्रात जे आले आहे, तेच त्या पात्राचे खरे शरीर असते. ‘कॉमन मॅन’च्या बाबतीत चौकटीचा कोट, धोतर, चष्मा, मिशी आणि टकलाच्या मागे उभे राहिलेले केस हमखास येतील, हातातली छत्री कोणी काढेल, कोणी विसरेल. बहुतेकांच्या चित्रात समान असे काहीच सापडले नाही, तर पात्राची आकृती पुरेशी ठसठशीत नाही असे समजावे. त्याची पंचवीस रूपे एकत्र लावली, तर प्रेक्षकाला ती पंचवीस वेगळी माणसे वाटतील. ही रेखाटने जपून ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहेत.

दुसरी पायरी: परवानगी

नवोदित संयोजक ही पायरी सर्वांत शेवटी ठेवतात किंवा गाळतात, आणि ‘आम्ही प्रेमानेच करतो आहोत, कोण हरकत घेईल?’ असे म्हणतात. प्रेम खरे असते, पण पात्र दुसऱ्याचे असते. माझे स्पष्ट मत असे आहे की लेखी संमती हाती येईपर्यंत एकाही चित्रकाराला काम सुरू करायला सांगू नये.

कायद्याची मूलभूत माहिती प्रत्येक संयोजकाला असावी. आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा लागू आहे. त्यानुसार चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही साठ वर्षे निधनाच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजतात. लक्ष्मण यांचे निधन २६ जानेवारी २०१५ रोजी झाले, म्हणजे या हिशेबाने त्यांच्या चित्रांना २०७५ च्या अखेरीपर्यंत संरक्षण आहे. एखादी कृती दोघांनी मिळून घडवली असेल, तर त्या दोघांपैकी ज्याचे निधन नंतर होईल, त्याच्यापासून मुदत मोजली जाते. आणि अशा पात्राची परवानगीही दोन्ही बाजूंकडून घ्यावी लागते. वृत्तपत्रातील व्यंगचित्रांबाबत आणखी एक गुंतागुंत आहे. चित्रकार वृत्तपत्राच्या नोकरीत असताना चित्रे काढली गेली असतील आणि वेगळा करार झालेला नसेल, तर नियतकालिकात छापण्यापुरता पहिला हक्क वृत्तपत्राच्या मालकाचा असतो आणि इतर बाबतींत तो चित्रकाराचा असतो. प्रत्यक्षात काय करार झाला होता हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते, म्हणून कुटुंबीय आणि वृत्तपत्र या दोघांनाही पत्र लिहिणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

जाहिरातींतून घरोघरी पोचलेल्या पात्रांविषयी विशेष सावध राहावे. एशियन पेंट्सचा ‘गट्टू’ १९५४ मध्ये लक्ष्मण यांनीच रेखाटला होता आणि ‘अमूल’ची ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी १९६६ पासून आपल्या ओळखीची आहे, पण अशी पात्रे ही कंपन्यांची व्यापारचिन्हेही (ट्रेडमार्क) असतात, आणि व्यापारचिन्हाचा हक्क नूतनीकरण होत राहील तोवर संपत नाही. परदेशी पात्रांबाबत एक गैरसमज अलीकडे वारंवार ऐकू येतो. मिकी माउसचे १९२८ मधील पहिले रूप अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी प्रताधिकारातून मुक्त झाले, ही गोष्ट खरी आहे. मात्र ती त्या जुन्या रूपापुरती आणि अमेरिकेच्या कायद्यापुरती आहे. पुण्यात प्रदर्शन भरवताना मुदतीचा हिशेब भारतीय कायद्याने करावा लागतो.

स्वतःच्या अभ्यासासाठी वहीत काढलेले चित्र आणि किंमत लावून भिंतीवर टांगलेले चित्र यांत कायदा फरक करतो. टीका किंवा समीक्षा यांसाठी केलेल्या उचित वापराला कायद्यात जागा आहे, परंतु तिकीट लावलेले अथवा विक्री असलेले प्रदर्शन त्या जागेत बसेल असे गृहीत धरू नये. शंका असल्यास प्रताधिकाराची कामे पाहणाऱ्या वकिलाला एकदा भेटावे. पुढच्या मनस्तापापेक्षा ती भेट स्वस्त पडते.

परवानगीचे पत्र मराठीत, एका पानाचे आणि नेमके असावे. आम्ही कोण आहोत, किती चित्रकार आहेत, प्रदर्शन कोठे व कोणत्या काळात आहे, प्रवेश विनामूल्य आहे की सशुल्क, मूळ चित्रे विकली जाणार आहेत का, छापील प्रती, टी-शर्ट किंवा दिनदर्शिका काढणार आहोत का, समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकणार आहोत का आणि मूळ निर्मात्याचे नाव कोठे व कसे छापणार आहोत, या प्रत्येक गोष्टीचे उत्तर त्यात असावे. मुदत आणि प्रदेश आवर्जून लिहावेत. ते लिहिलेले नसतील तर कायदा पाच वर्षे आणि भारत असे गृहीत धरतो, आणि तुम्हाला तेवढे नको असले तरी समोरच्याला उगाच काळजी वाटते. विक्रीतील काही भाग निर्मात्याला किंवा त्यांनी सुचवलेल्या कामाला देण्याची तयारी असेल, तर तीही लिहावी. निर्माते हयात असतील तर शक्यतो प्रत्यक्ष भेट घ्यावी. आमच्या दुसऱ्या प्रदर्शनाच्या वेळी अशाच एका भेटीत आम्हाला पात्राच्या सुरुवातीच्या काळातील कच्ची रेखाटने पाहायला मिळाली, आणि प्रदर्शनाची सगळी दिशाच त्या संध्याकाळी बदलली.

उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. दोन स्मरणपत्रांनंतरही काही कळले नाही तर पात्र बदलावे. अशा वेळी लोककथांकडे वळणे हा अत्यंत चांगला पर्याय आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी किंवा मेणाच्या घरातली चिमणी आणि शेणाच्या घरातला कावळा यांच्यावर कोणाचाही हक्क नाही आणि ही पात्रे मराठी माणसाला बोलायला लागायच्या वयापासून ठाऊक असतात. अट एवढीच, की एखाद्या विशिष्ट चित्रकाराने पुस्तकासाठी काढलेल्या म्हातारीची नक्कल होऊ नये, कारण कथा सर्वांची असली तरी ते चित्र त्याचे असते.

तिसरी पायरी: संकल्पनापत्र

परवानगी मिळाल्यावर चित्रकारांना पाठवायचे संकल्पनापत्र लिहावे. ‘पात्राला तुमच्या शैलीत साकारा’ एवढेच लिहिले तर निम्मी चित्रे वेशांतराची येतात, हा आमचा पहिल्या वेळचा अनुभव आहे. पात्राच्या हातात मोबाइल, पात्राच्या तोंडावर मुखपट्टी, पात्र मेट्रोत, पात्र गणपतीच्या मिरवणुकीत अशी पंधरा चित्रे एका ओळीत आली आणि प्रेक्षक पाचव्या चित्रानंतर भराभर पुढे जाऊ लागले. त्यांत चित्रकारांचा दोष नव्हता, आम्ही त्यांना प्रश्नच दिला नव्हता.

पात्र नव्याने कल्पिणे म्हणजे त्याच्या स्वभावातील एखादी गोष्ट जिथे कोणी नेली नव्हती तिथे नेणे. ‘कॉमन मॅन’ बोलत नाही, तो फक्त पाहतो. लक्ष्मण यांनी त्याला दिलेली ही शांतता त्याच्या कोटापेक्षाही मोठी ओळखखूण आहे. आता समजा, एखाद्या चित्रकाराने चित्रात माणूसच काढला नाही. शिधावाटप दुकानाच्या दाराशी रांग लागली आहे, रांगेत एक जागा रिकामी आहे आणि भिंतीवरच्या खुंटीला चौकटीचा कोट टांगला आहे. पात्र नाही, तरीही ते आहे, आणि पाहणारा तो कोठे गेला असेल या विचाराने चित्रासमोर थांबतो. चिंटूच्या बाबतीत सगळे जग आपण आजवर मुलाच्या उंचीवरून पाहत आलो. जोशीकाकूंच्या खिडकीतून खाली खेळणारी मुले दाखवली तर तीच गल्ली वेगळी दिसेल, आणि दुपारच्या झोपेसाठी झगडणाऱ्या बाईविषयी कदाचित प्रथमच जिव्हाळा वाटेल.

म्हणून संकल्पनापत्रात तीन गोष्टी स्वच्छ लिहाव्यात. पहिली, काय बदलायचे नाही. यासाठी आधी जमवलेली आठवणीतली रेखाटने चित्रकारांना पाठवावीत आणि त्यांतील ओळखखुणांपैकी किमान एक तरी प्रत्येक कृतीत असावी, असे सांगावे. दुसरी, एक प्रश्न. तो इतका नेमका असावा की त्याचे उत्तर शब्दांत न देता चित्रातच द्यावेसे वाटेल. ‘हे पात्र तुमच्या घरी एक दिवस राहायला आले तर कोणती गोष्ट पाहून गप्प होईल?’ हा प्रश्न आम्ही दुसऱ्या वेळी दिला होता आणि त्याला आलेल्या उत्तरांत एकही चित्र दुसऱ्यासारखे नव्हते. तिसरी, मर्यादा. मुलांच्या पात्राला हिंसक किंवा अश्लील संदर्भात नेऊ नये आणि कोणत्याही जातिधर्माची अवहेलना होऊ नये, हे आधीच लिहिलेले बरे. कृती आल्यानंतर ती नाकारणे चित्रकाराला दुखावते. अशा मर्यादांना कायद्याचाही आधार आहे, कारण प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार, आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीकरणाला हरकत घेण्याचा हक्क मूळ निर्मात्याकडे राहतो, त्याने बाकीचे हक्क दुसऱ्याला दिले असले तरी.

चित्रकारांनी अंतिम काम करण्यापूर्वी एक कच्चे रेखाटन आणि चार ओळींचे टिपण पाठवावे, अशी तारीख ठरवावी. दोन जणांची कल्पना सारखी असेल तर ती या टप्प्यावर कळते आणि फोनवर बोलून सोडवता येते.

चौथी पायरी: चित्रकार आणि लेखी समजूत

गट वीस ते पंचवीस जणांचा असावा. त्याहून लहान असल्यास रूपांची विविधता दिसत नाही आणि त्याहून मोठा असल्यास दोन-तीन स्वयंसेवकांना सांभाळता येत नाही. सर्व जलरंगवाले किंवा सर्व डिजिटल काम करणारे एकत्र घेऊ नयेत. छापचित्रे करणारा एखादा, मातीत काम करणारा एखादा, सुलेखनकार, कापडावर भरतकाम करणारी एखादी कलाकार असा मेळ घालावा. भरतकामातून साकारलेले पात्र पाहण्यासाठी आमच्याकडे आलेल्या आज्यांनी चित्रांपुढे जितका वेळ घालवला नसेल तितका त्या एका चौकटीपुढे घालवला, आणि टाके कसे घातले आहेत याची चर्चा करताना त्या मूळ पात्राविषयीही बोलू लागल्या.

आकाराची मर्यादा न घातल्याचा फटका आम्हाला बसला होता. एका चित्रकाराने सहा फुटी कॅनव्हास आणला आणि त्याच्या शेजारची तळहाताएवढी, शाईत केलेली अतिशय सुंदर कृती अक्षरशः दिसेनाशी झाली. तेव्हापासून कागदावरील कामासाठी पूर्ण इम्पिरियल, म्हणजे २२ × ३० इंच, ही कमाल मर्यादा आणि ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद अशी अट मी सुचवतो. शिल्पासाठी पायाचा आकार आणि वजन आधी विचारावे.

एका पानाच्या लेखी समजुतीत काम पोचवण्याची अखेरची तारीख, सहभागशुल्क असल्यास त्याची रक्कम, विक्री झाल्यास संयोजकांचा व पात्राच्या निर्मात्याचा वाटा, चौकटीचा खर्च कोणाचा, नुकसान झाल्यास काय, न विकलेली कामे परत नेण्याचा दिवस आणि प्रदर्शनानंतर त्या चित्राच्या प्रती चित्रकाराला स्वतंत्रपणे विकता येतील की नाही, हे सर्व असावे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. मूळ परवानगी प्रदर्शनापुरती असेल, तर चित्रकारालाही नंतर छापील प्रती विकता येणार नाहीत, आणि ही गोष्ट त्याला रंग लावण्यापूर्वी कळली पाहिजे.

पाचवी पायरी: जागा आणि तारीख

पुण्यात नवोदितांना परवडतील अशी कलादालने आहेत. जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन आणि घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालन ही दोन्ही महापालिकेची आहेत. बालगंधर्वला नाटकाला येणारा प्रेक्षक सहज आत डोकावतो, हा त्या जागेचा मोठा लाभ आहे. शनिवार पेठेतील सुदर्शन कलादालन लहान आहे, पण तिथे येणारा माणूस मुद्दाम येतो आणि शांतपणे पाहतो. सेनापती बापट रस्त्याच्या परिसरातील ‘कलाछाया’चे दर्पण कलादालन आणि कोरेगाव पार्कमधील मोनालिसा कलाग्राम हेही पाहून यावेत. भाडे, अनामत आणि उपलब्ध तारखा बदलत असल्याने प्रत्यक्ष जाऊन विचारावे, आणि जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी.

भिंतीचा हिशेब सोपा आहे. पूर्ण इम्पिरियल कागदाला तीन इंचांचे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कडा) आणि एक इंचाची चौकट लावली, तर उभ्या चित्राची रुंदी सुमारे ३० इंच, म्हणजे अडीच फूट होते. दोन चित्रांत किमान एक फुटाचे अंतर धरले तर २४ चित्रांना ८४ फूट भिंत लागते. दारे, खिडक्या, वीजफलक आणि अग्निशामक सोडून उरलेली भिंत मोजावी. ती कमी पडत असेल तर चित्रे एकमेकांना चिकटवण्याऐवजी संख्या कमी करावी.

तारखेबाबत पावसाळा टाळावा. जून ते सप्टेंबर हवेतील ओलाव्याने कागद फुगतो, माउंटच्या आत बुरशीचे ठिपके येतात, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत पेठांमध्ये चित्रांची वाहतूक करणे जवळजवळ अशक्य होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुलांना आणायचे असेल तर उन्हाळी सुट्टीचा विचार करावा. ५ मे हा जागतिक व्यंगचित्रकार दिन त्याच सुट्टीत येतो. परवानगी, चित्रे आणि चौकटी यांसाठी मिळून किमान सहा महिने हाती असावेत.

सहावी पायरी: चौकट, उंची, प्रकाश, क्रम

सर्व चित्रांच्या चौकटी एकाच फ्रेमवाल्याकडून, एकाच रंगाच्या आणि एकाच जाडीच्या करून घ्याव्यात. समूहप्रदर्शनात शैली इतक्या भिन्न असतात की चौकटही वेगवेगळी असेल तर नजर कोठेच स्थिरावत नाही. माउंट आम्लविरहित बोर्डाचे मागावे, आणि चित्र माउंटला सरळ चिकटवू न देता वरच्या कडेला कागदी पट्टीच्या बिजागरांनी टांगून घ्यावे, म्हणजे कागदाला आकुंचन-प्रसरणासाठी जागा राहते. एका दुकानात आमची तीन जलरंगचित्रे सर्व बाजूंनी गोंदाने चिकटवली गेली आणि ती पुढे कायमची सुरकुतली. आपण तिथे उभे राहून हे सांगायला हवे होते. मुले अधिक येणार असतील तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट वापरावी.

चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा, हा सर्वसाधारण नियम आहे. खिळ्याची उंची काढण्यासाठी मध्यबिंदूच्या उंचीत चौकटीच्या उंचीचा अर्धा भाग मिळवावा आणि मागची तार ताणल्यावर चौकटीच्या वरच्या कडेपासून जितकी खाली राहते, तेवढे अंतर वजा करावे. मध्यबिंदू १५० सेंटिमीटर, चौकट ८० सेंटिमीटर उंच आणि तार ८ सेंटिमीटर खाली असेल, तर खिळा १८२ सेंटिमीटरवर येतो. व्यंगपात्राच्या प्रदर्शनाला मात्र मुले येतात, म्हणून मी मध्यबिंदू १४० पर्यंत खाली आणतो आणि काही लहान कृती मुद्दाम मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर लावतो. मोठ्यांना थोडे वाकावे लागले तरी चालते. सरकत्या पट्टीवरून टांगायचे असल्यास तंगूस (नायलॉनचा धागा) चित्राच्या वजनापेक्षा बराच अधिक भार पेलणारा घ्यावा आणि प्रत्येक गाठ दुसऱ्या माणसाने ओढून पाहावी.

प्रकाशाबाबत कलादालनातील सगळे दिवे लावून मोकळे होऊ नये. जलरंग आणि शाई तीव्र प्रकाशात फिकी होतात. कागदावरील कृतींसाठी संग्रहालये साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतका प्रकाश पुरेसा मानतात. चार-पाच दिवसांच्या प्रदर्शनात इतका काटेकोरपणा नसला तरी थेट ऊन पडणारी भिंत जलरंगांना देऊ नये. रंग खरे दिसावेत म्हणून रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप, सीआरआय) ९० च्या वर असलेले एलईडी दिवे मिळतात का, ते पाहावे.

सर्वांत अधिक विचार क्रमाचा करावा. दारातून आत आल्यावर निर्मात्याच्या परवानगीने एखादे मूळ चित्र किंवा मालिकेतील एखादी पट्टी लावावी, म्हणजे ज्याला पात्र ठाऊक नाही त्यालाही ते भेटते. त्यानंतर मूळ रूपाच्या जवळची चित्रे यावीत आणि हळूहळू दूर जाणारी. जिथे पात्राची केवळ सावली, एखादा रंग किंवा खुंटीवरचा कोट उरला आहे, ती कृती शेवटच्या भिंतीवर असावी. तिथवर येईपर्यंत प्रेक्षकाचा डोळा ओळखखुणा शोधायला शिकलेला असतो आणि जे पहिल्याच भिंतीवर कोडे वाटले असते, ते त्याला आपोआप उलगडते. हा क्रम ठरवण्यासाठी चित्रांची लहान छायाचित्रे छापून घरी फरशीवर मांडावीत आणि दोन दिवस तशीच ठेवावीत. जाता-येता चुका दिसतात.

सातवी पायरी: पट्ट्या, उद्घाटन आणि मुलांचा कोपरा

प्रत्येक चित्राखालच्या पट्टीवर चित्रकाराचे नाव, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि असल्यास किंमत मराठीत असावी, अक्षर किमान १८ पॉइंटचे असावे आणि सोबतचे टिपण चाळीस शब्दांपलीकडे जाऊ नये. मूळ निर्मात्याचे नाव प्रवेशद्वारावर, निमंत्रणपत्रिकेवर आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक असावे. उद्घाटन अर्ध्या तासात आटोपावे. भाषणे लांबली की लोक चित्रांकडे पाठ करून बसतात. एका कोपऱ्यात कमी उंचीचे टेबल, रंगखडू आणि कोरे कागद ठेवून मुलांना त्यांचे रूप काढू द्यावे आणि ती चित्रे लगेच दोरीवर चिमट्यांनी लावावीत. हा कोपरा सांभाळायला एक माणूस दिवसभर द्यावा लागतो.

आठवी पायरी: प्रदर्शन उतरवताना

उतरवण्याच्या दिवशी गडबड होते, म्हणून चित्रांच्या यादीची एक प्रत दाराशी ठेवावी आणि प्रत्येक कृती बाहेर जाताना चित्रकाराची सही घ्यावी. बबल रॅप, पुठ्ठे आणि चिकटपट्टी आदल्या दिवशीच रविवार पेठेतील बोहरी आळीतून आणून ठेवावी. विकलेली चित्रे ग्राहकाला देताना पात्राच्या निर्मात्याचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र जोडावे. आठवड्याच्या आत चित्रकारांचा हिशेब चुकता करावा. ज्यांनी पात्र वापरू दिले, त्यांना विक्रीचा हिशेब, ठरलेला वाटा, पुस्तिकेच्या दोन प्रती, भिंतींची छायाचित्रे आणि मुलांच्या कोपऱ्यातील काही मूळ चित्रे नेऊन द्यावीत, आणि ती शक्यतो टपालाने न पाठवता स्वतः जाऊन हातात द्यावीत.